सात मिनिटं खांद्यावर

मी बोलतोय, आणि जरा चढ्या आवाजातच बोलणार आहे. आजवरचं माझं सगळं बोलणं माणसाच्या कानाला ऐकू येत नाही अशा आवाजात झालं. कारखान्यातच मला तसं घडवलं. सेकंदाला दहा लाख वेळा थरथरायचं, पण हूं की चूं कुणाच्या कानी पडू द्यायचं नाही. एवढं थरथरून गप्प बसणारी जमात मी सोडून फक्त सरकारी कचेऱ्यांत सापडते.

मी अल्ट्रासाउंडचं मशीन आहे. पोटातलं बाळ दाखवणारं मशीन वेगळं. ते आमच्या घराण्यातली श्रीमंत शाखा. त्याला पडदा असतो, त्याच्यावर कायदे असतात, त्याच्याभोवती नातेवाईक जमतात. मी फिजिओथेरपीच्या खोलीतला. बुटांच्या खोक्याएवढं पांढरं अंग, पुढे हिरवे आकडे, दोन बटणं, आणि बाजूला वायरीच्या टोकाला लटकणारं गोल डोकं. डोकं असं टांगलेलं असूनही मी ते कामापुरतं वापरतो. मानेवर घट्ट बसवलेल्या डोक्यांचा लोक काय उपयोग करतात, ते मी लोणावळ्यात सहा वर्षं बघतोय.

माझा जन्म अंबाल्याजवळच्या एका कारखान्यात झाला. माझ्या डोक्याच्या धातूच्या टोपीमागे स्फटिकाची पातळ चकती बसवली आहे. वीज मिळाली की ती थरथरते, तो थरकाप जेलमधून कातडीत आणि कातडीतून आत उतरतो. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की, यामुळे दुखऱ्या कंडरेला ऊब मिळते, रक्त खेळतं, झीज भरून येते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. मी लहान होतो, छापलेलं वाचलं आणि खरं मानलं. आपण खांद्यांचे तारणहार आहोत अशा थाटात मी खोक्यातून बाहेर आलो.

ज्यांनी मला बाहेर काढलं ते धवल सर. बाजाराच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांचं क्लिनिक आहे. काचेचं दार, तीन पलंग, मधे निळे पडदे. सर हुशार आहेत, हे मी रागातही नाकारत नाही. खांद्याला हात लावल्याबरोबर कुठली दोरी बिघडली ते त्यांना कळतं. मग ते म्हणतात, "चैताली, मशीन." आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. सगळी हुशारी तिथे संपते. पुढचं माझ्यावर.

चैताली मदतनीस. ती खांद्यावर थंडगार जेल ओतते, माझं डोकं टेकवते आणि सात मिनिटं गोल गोल फिरवते. एका हातात मी, दुसऱ्या हातात तिचा मोबाइल. सात मिनिटं झाली की मी पिपाणीसारखा वाजतो, पेशंट खांदा पुसतो, शर्ट घालतो, जातो. जाताना त्याला व्यायामाचा एक कागद मिळतो. तो कागद इंग्रजीत आहे आणि छायाप्रतीची छायाप्रत काढून काढून त्यातली माणसं भुतांसारखी झाली आहेत. गेल्या सहा वर्षांत एकाही पेशंटनं त्या कागदाबद्दल एक प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. माझ्याबद्दल मात्र सगळे विचारतात. "आज दोन मिनिटं जास्त लावा ना." "थोडं वाढवा." जणू मी बंबातलं पाणी आहे.

यातले बिनीचे माधवराव. बँकेतून निवृत्त झालेले, राहायला तुंगार्लीला, तळ्याच्या बाजूला बंगला. तीन वर्षं त्यांचा डावा खांदा माझ्याखाली आहे. तीन वर्षांत तो होता तिथेच आहे, पण माधवरावांची माझ्यावरची श्रद्धा फार वाढली आहे.

आता जानेवारीतली गोष्ट. चैतालीचा फोन वाजला, तिची बोटं जेलनं बरबटलेली, आणि माझं डोकं तिच्या हातातून सुटून फरशीवर आपटलं. बाहेरून काहीच झालं नाही. आत चकतीला तडा गेला. माझा थरकाप तिथेच थांबला. हिरवे आकडे मात्र चालू राहिले, सात मिनिटं मोजत राहिले, शेवटी पिपाणी वाजवत राहिले. वरून सही-शिक्का, आत कोरा कागद.

मी म्हटलं, आता तरी कुणाला कळेल. पहिलेच माधवराव आले. माझं मेलेलं डोकं खांद्यावर फिरू लागलं. माधवरावांनी डोळे मिटले.

"चैताली," ते म्हणाले, "आज मशीन फार छान लागतंय गं. सर्व्हिसिंग केलंत वाटतं?"

त्या दिवशी मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

फेब्रुवारीत गंगी आली. लोहगडवाडीची, वय सेहेचाळीस. गडाच्या पायऱ्यांच्या तोंडाशी तिची टपरी आहे. पिठलं-भाकरी, कांदाभजी, ताक. नवरा शिदू बांधकामावर, महिन्यातून एकदा घरी. टपरी एकटीची. वाडीतल्या नळावरून हंडा भरायचा, डोक्यावर घ्यायचा, चढ चढून टपरीत आणायचा. दिवसाला आठ खेपा. आणि पाच महिने झाले, तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. हंडा डोक्यावर चढवताना कळ निघे आणि अर्धं पाणी अंगावर सांडे.

चैतालीनं माझं डोकं टेकवलं तशी तिनं विचारलं, "आत काय दिसतंय वो बाई?"

"मावशी, हे बघायचं मशीन नाही. बरं करायचं आहे."

"मंग लावा दाबून. आमच्या मालकानी सांगितलंय, पावसाळ्याच्या आत हात चालला न्हाई तर टपरी बजरंगला दिऊन टाक. शेजारीच हाय त्येची, कवाची नजर हाय मेल्याची."

म्हणजे असं. गडावर माणसं लोटतात ते पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी. त्या तीन महिन्यांवर तिचं वर्ष चालतं. हात आला तर टपरी तिची, नाही तर बजरंगची. आणि एवढा भार कुणावर टाकला होता? माझ्यावर. फुटक्या डोक्याच्या, मुक्या खोक्यावर.

पाच आठवडे ती येत राहिली. आठवड्यातून तीनदा. वाडीपासून मळवली स्टेशनापर्यंत जीप मिळाली तर जीप, नाही तर पायी, पुढे लोकलनं एक स्टेशन. येऊन माझ्याखाली सात मिनिटं पडायचं. चैताली विचारायची, "बरं वाटतंय ना?" ती म्हणायची, "हां, बरं वाटतंय." मला ओरडावंसं वाटे, बाई, हात वर करून बघ! पाच आठवड्यांत तो हात एक बोटभरही वर सरकला नव्हता. उलट दुखतो म्हणून ती तो पोटाशी धरून ठेवू लागली आणि खांदा आणखी आखडला. तिचा मार्च माझ्याखाली वाया गेला. कुणाला त्याची ना खंत ना खेद. आकडे चालू होते ना!

एप्रिलमध्ये वल्लरी कामाला लागली. तळेगावची मुलगी, नुकती शिकून आलेली, बारीक आवाजाची. पहिल्याच दिवशी तिनं माझं डोकं उताणं धरलं, टोपीवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि बटण दाबलं. मी धडका असतो तर ते पाणी तव्यावर पडल्यासारखं नाचलं असतं. थेंब जागचे हलले नाहीत. तिनं आकडा वाढवला. थेंब तसेच. माझ्या अख्ख्या हयातीत मला कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं की, बाबा रे, तू जिवंत आहेस का?

ती डोकं घेऊन सरांकडे गेली.

"सर, हे मेलंय. पाणीसुद्धा हलत नाही."

"पेशंट काय म्हणतात?"

"म्हणतात, बरं वाटतं."

"मग झालं की. तू पाण्याला विचारतेस, मी पेशंटला विचारतो."

"सर, चालू असतं तरी खांद्याच्या कंडरेला त्यानं फारसं काही होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. लोकांचे दोन गट करून पाहिलंय. एका गटाला चालू मशीन लावलं, दुसऱ्याला बंद. दोघांनाही सारखंच बरं वाटलं. कंडरेत कॅल्शियम साचलेलं असेल तर थोडा उपयोग, तोही काही दिवसांपुरता. काम होतं ते व्यायामानं."

सर हसले. "वल्लरी, हात वर करा, हात खाली करा, एवढं ऐकायला लोक गाडीभाडं खर्चून येतात का? त्यांना काहीतरी लावलेलं लागतं. उद्या तू नुसता व्यायाम दे. परवा ते समोरच्या क्लिनिकमध्ये दिसतील."

मी इथे न्यायाधीश नाही, आरोपी आहे. तरी एक कबूल करतो. सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. नुसता व्यायाम दिलेले लोक खरंच उठून जातात. पण लोकांना सवय कुणी लावली? सहा वर्षं "मशीन, मशीन" कोण करत होतं? आधी भुकेल्याला चघळायला सुपारी द्यायची आणि मग म्हणायचं, याला जेवण नकोच असतं!

दुसऱ्या दिवशी गंगी आली. वल्लरीनं तिला झोपूच दिलं नाही.

"मावशी, व्यायामाचा कागद दिला होता. करता का त्यातलं?"

"कागूद हाय की. देवापाशी ठिवलाय."

"देवापाशी?"

"विंग्रजी हाय त्यो. वाचनार कोन? पन डागदरांचा कागूद टाकायचा कसा? रोज हळदकुकू वाहते."

मला वाटलं, आता वल्लरी हसणार. ती हसली नाही. तिचे कान लाल झाले. गंगीचं त्यात काय चुकलं? ज्याच्यावर न कळणारी अक्षरं आहेत आणि जे मोठ्या माणसानं दिलंय, ते पूजायचं असतं, हे तिला शाळेनं, तलाठ्यानं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं.

मग वल्लरीनं ते केलं जे सरांनी जन्मात केलं नसतं. तिनं माझं डोकं उताणं धरून गंगीच्या हातात दिलं, वर पाणी टाकलं आणि सगळं खरं सांगितलं.

गंगी थेंबांकडे बघत राहिली. "म्हंजी पाच आठवडं ह्यो दगूड फिरवला व्हय माज्या खांद्यावर?"

"हो."

"पन बरं तर वाटायचं गं ताई."

"वाटणारच. सात मिनिटं पाठ टेकायला मिळत होती. कुणीतरी विचारत होतं, दुखतंय का म्हणून."

गंगीनं जरा विचार केला. "त्ये मातुर खरं. घरी कोन इचारतंय?"

मला दगड म्हटलं याचं वाईट वाटलं नाही. आयुष्यात माझं एवढं बरोबर निदान दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

"मंग आता काय लावायचं?" गंगीनं विचारलं.

"काही लावायचं नाही. तुम्ही करायचं."

"हात हलवायला यवढ्या लांब आले व्हय मी? हात तर दिवसभर हलवतीय. भाकरी काय पाय थापतो माजा?"

"भाकरी थापताना दुखरा खांदा तुम्ही चोरता. सगळा भार डाव्यावर ढकलता. हे काम झालं, व्यायाम नाही. टपरीत सायकलची जुनी ट्यूब मिळेल?"

"ट्यूब? तिला काय तोटा?"

ट्यूब खांबाला बांधायची. कोपर कमरेशी, काखेत घडी केलेला रुमाल, आणि हात बाहेर ओढायचा. रुमाल पडला तर चुकलं. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली सावकाश समोर उचलायची, सावकाश खाली. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची आणि जिथे पोहोचली तिथे कोळशानं रेघ मारायची. दिवसातून दोनदा. "दुखेल," वल्लरी म्हणाली. "थोडं दुखलं तर भ्यायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरायला हवं. नाही उतरलं तर बाटलीतलं पाणी कमी करा. आणि दोन महिने हंडा एकटीनं चढवायचा नाही."

"मंग कोन चढवंल?"

"घरात जाऊबिऊ असेल ना कुणी?"

"संगी? तिच्याशी बोलत न्हाई मी."

"मग बोला. तोही व्यायामच."

गंगी बोलली. आढेवेढे घेत, पण बोलली. पुढचे अडीच महिने संगीता हंडा चढवू लागली आणि टपरीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा चढू लागल्या. पंधरा दिवसांतून एकदा गंगी वल्लरीकडे यायची, मापं द्यायची आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता जायची. पहिले तीन आठवडे रेघ हलली नाही. ती रडकुंडीला आली. एकदा तर तिनं माझ्याकडे बोट दाखवून वल्लरीला विचारलंही, "त्ये दुरुस्त न्हाई का हुयाचं?" मग चौथ्या आठवड्यात रेघ वर गेली. मग दर आठवड्याला जाऊ लागली.

वल्लरीनं फारच लकडा लावला म्हणून मेच्या शेवटी सरांनी मला नवं डोकं आणलं. मी पुन्हा थरथरू लागलो. माधवराव त्या दिवशी म्हणाले, "आज काही तितकंसं लागत नाहीये."

जूनच्या अखेरीस गंगी आली ती हसतच. दोन्ही हात सरळ वर, कानाला टेकलेले. भरला हंडा एकटीनं चढवला होता. बजरंगनं टपरीचं विचारणं सोडलं होतं. वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं. सर लगबगीनं केबिनमधून बाहेर आले. "वा, मावशी! इकडे या, अशा उभ्या राहा. हात वर." त्यांनी तिला माझ्या शेजारी उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला. मला वाटलं, कौतुक आहे.

आठ दिवसांनी दारावर फ्लेक्स लागला. डावीकडे मी, जेलच्या बाटलीसकट. उजवीकडे हात वर केलेली गंगी. खाली हातभर अक्षरांत, "खांदा धरलाय? अल्ट्रासाउंडनं मोकळा! सौ. गंगूबाई, लोहगडवाडी."

वल्लरी म्हणाली, "सर, हे खोटं आहे. त्या सुधारायला लागल्या तेव्हा मशीन मेलेलं होतं."

"आता जिवंत आहे ना?" सर म्हणाले.

महिना संपला आणि वल्लरी गेली. तळेगावजवळ वराळ्याला तिनं एक खोली घेतली आहे. एक पलंग, एक भिंत, रबरी पट्ट्या. ऐकतो की लोक येतात, रिकाम्या भिंतीकडे बघतात, "मशीन कुठंय?" विचारतात आणि निम्मे परत जातात. इथे मात्र फ्लेक्स लागल्यापासून गर्दी. रोज नवे खांदे. चमत्कार गंगीच्या हाताचा, पुजारी धवल सर, आणि देव केलं मला! माझ्या नावानं खोटी साक्ष दिली आणि मला विचारलंही नाही.

मला नाही, तसंच गंगीलाही नाही.

एका मंगळवारी ती बेसन आणि तेल न्यायला संगीताबरोबर बाजारात आली होती. गल्लीतून जाताना तिला आपला फोटो दिसला. संगीता दहावी शिकलेली. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मी काचेतून बघत होतो. माझं डोकं माधवरावांच्या खांद्यावर फिरत होतं. गंगी आत आली. "चैतालीबाई, कातर द्या जरा."

चैतालीनं पट्ट्या कापायची कात्री काढून दिली. पलंगावर चढायचं स्टूल गंगीनं बाहेर नेलं, त्यावर उभी राहिली, आणि तिचा उजवा हात वर गेला. पार डोक्यावर, फ्लेक्सच्या वरच्या कडेपर्यंत. तिथून ती कापत खाली आली.

सर धावत बाहेर. "मावशी! अहो, काय करताय?"

"माजा फोटू न्हेतीय."

"जाहिरात आहे ती आमची!"

"आसंल की. पन त्यात मी कशाला? मला तुमच्या डब्यानं बरं न्हाई केलं. डबा तवा मेला व्हता. ट्यूबीनं केलं, त्या ताईनं केलं. लावा ट्यूबीचा फोटू."

"आक्का, सरळ काप गं," संगीता खालून म्हणाली. "टपरीच्या गळक्या कोपऱ्यावर बसंल बरूबर."

आत माधवराव उठून बसले होते. खांद्यावरून जेल ओघळत होतं. "मशीन मेलं होतं? कधी?"

"जानेवारीपासून मेपर्यंत, काका," चैताली खाली मान घालून म्हणाली.

"काहीतरीच काय! अगं, तेव्हाच तर मला सगळ्यात बरं वाटत होतं!"

बाकावर बसलेल्या चार पेशंटांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी डोक्यात थेंबभर पाणी हललं. आता हे उठतील, भिंतीपाशी जातील, हात वर करून बघतील.

माधवराव पुन्हा आडवे झाले. "चालू ठेव गं," ते म्हणाले. "दोन मिनिटं राहिलीत."

बाहेर गंगीनं स्वतःची गुंडाळी केली, उजव्या खांद्यावर टाकली आणि निघून गेली. फ्लेक्स अजून दारावर आहे. त्यावर मी आहे, जेलची बाटली आहे, आणि शेजारी हात वर केलेल्या बाईच्या आकाराचं भोक आहे. पाऊस त्यातून थेट काचेवर येतो.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. उद्या तुमचा खांदा धरला आणि कुणी माझं डोकं त्यावर फिरवू लागलं, तर डोळे मिटू नका. विचारा, यानंतर मी काय करायचं? रोज किती वेळा? कुठवर दुखलं तर थांबायचं? आणि त्याची उत्तरं तुम्हाला कळेल अशा भाषेत मागा. उत्तर मिळालं तर मला हवं तर लावा, न लावलं तरी माझं मन दुखणार नाही. आणि उत्तर म्हणून नुसतं "चैताली, मशीन" ऐकू आलं, तर शर्ट घाला आणि उठा. माझ्याखाली झोपलेला खांदा झोपलेलाच राहतो.